माणसें कोणत्या महिन्यांत मोजावीं?

२०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें धुळें जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२ भरली आणि जळगांव जिल्ह्याची ४२,२९,९१७. आंकडे इतके नेमके आहेत कीं, एकेक माणूस हाताला धरून रांगेंत उभा केला असावा असें वाचणारास वाटावें. या कामास प्रस्तुत लेखकाचाही हात तीन वेळां लागलेला आहे. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही गणनांत मी प्राथमिक शिक्षक या नात्यानें प्रगणक होतों; आणि साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत ज्या पाड्यावर माझ्या नोकरीचीं पहिलीं वर्षें गेलीं, तेथील १९९१ ची गणना मींच केली. त्यामुळें या आंकड्यांच्या शेवटल्या तीनचार अंकांविषयीं माझें मत थोडें निराळें आहे.

गणनेसाठीं ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंतचे वीस दिवस नेमून दिले होते. पुढल्या दोन्ही वेळांही हाच काळ होता. नियम असा कीं, जो मनुष्य एरवीं एखाद्या घरीं राहतो आणि या वीस दिवसांत एक दिवस तरी तेथें होता, त्याची नोंद त्या घरीं करावी. जो सबंध वीस दिवस बाहेरगांवीं असेल त्यास घरीं मोजूं नये, तो जेथें आढळेल तेथील प्रगणक त्यास मोजील. या नियमांत नैयायिकासही दोष काढतां येणार नाहीं. परंतु फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडील माघ-फाल्गुन, आणि माघ-फाल्गुनांत त्या पाड्यावर होतें कोण? निम्म्याहून अधिक घरांचीं दारें ओढलेलीं आणि त्यांवर बोरीची काटेरी फांदी टेकविलेली. कुलुपें नव्हतीं, कारण चोरानें न्यावें असें आंत कांहीं नव्हतें. एका अंगणांत एक वृद्ध बाई नागली पाखडीत बसली होती. तिला मीं छापील प्रश्न विचारला, "आजी, घरांत माणसें किती?" तिनें सूप खालीं ठेवलें, माझ्याकडे पाहिलें आणि आपल्या बोलींत उलट विचारलें, "कोणत्या महिन्यांतलीं सांगूं, गुरुजी?"

पावसाळ्यांत तिच्या घरीं नऊ माणसें असत. त्या दिवशीं ती होती आणि तिची लहान नात होती. मीं नियमाप्रमाणें दोन हा आंकडा घातला आणि पुढल्या घरीं गेलों. उरलेलीं सात माणसें गुजराथेंत ऊस तोडीत होतीं; पाचटावर उभारलेल्या त्यांच्या पालापर्यंत तेथील प्रगणक पोंचला असला, तर त्यांची नोंद तिकडे झाली असेल. त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाला माझ्या कागदावर रकाना नव्हता. पुढें नोकरींत बदल्या होत गेल्या, गांवें बदललीं, पण तो प्रश्न मात्र माझ्या मागें येत राहिला.

शाळेचें हजेरीपत्रक खानेसुमारीहून शहाणें असतें, कारण तें दहा वर्षांतून एकदां नव्हे तर रोज भरावें लागतें. आमच्या हजेरीपत्रकांत जून ते दसरा नांवांपुढें हजेरीच्या खुणा भरगच्च असत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली कीं वर्ग अर्धा रिकामा. मग चैत्र-वैशाखांत, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर किंवा ती होऊन गेल्यावर, मुलें परत येत. उन्हानें करपलेलीं आणि उंचीनें वाढलेलीं. एका मुलीची आठवण अजून आहे. दिवाळीपूर्वीं तिला पंधरापर्यंत पाढे येत असत. उन्हाळ्यांत ती परत आली तेव्हां दहाच्या पुढें अडखळूं लागली. पावसाळ्यांत आम्हीं फिरून अकरापासून आरंभ केला, दसऱ्यापर्यंत पुन्हां पंधरावर आलों आणि पुन्हां दिवाळी आली. असें दोन वर्षें झालें. तिसऱ्या वर्षीं धाकट्या भावाला सांभाळण्याइतकी आणि उसाची मोळी बांधण्याइतकी ती मोठी झाली, व तिकडून आली ती शाळेंत आलीच नाहीं. पटावरून तिचें नांव मीं कमी केलें. ती नोंद माझ्याच हस्ताक्षरांत आहे.

खानेसुमारी आणि हजेरीपत्रक यांखेरीज या लोकांची गणती करणारी तिसरीही एक वही होती, ती मुकादमाची. ऐन पावसाळ्यांत, घरांतलें धान्य संपलेलें आणि शेतांतलें अजून हिरवें अशा दिवसांत, मुकादम पाड्यावर येई आणि 'उचल' देई. उचल म्हणजे पुढें करावयाच्या कामापोटीं आगाऊ दिलेली रक्कम. त्याच्या वहींत माणसें मोजण्याचें परिमाण निराळें: नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पाठीवरचें मूल आणि मोळ्या बांधणारी मुलगी यांची गणना त्यांत नाहीं. दिवाळीनंतर कोयता निघे आणि किती टन ऊस तुटला त्या हिशेबानें उचल फिटे. बहुधा पुरती फिटत नसे व बाकी पुढल्या सालावर जाई. तेव्हां या घरांत येणारा पैसा कमाईच्या आधीं येई आणि कमाईच्या आधींच खाऊन संपलेला असे. यास उत्पन्न म्हणावें कीं कर्ज, हें अर्थशास्त्रज्ञांनीं ठरवावें. बारडोलीकडील साखर कारखान्यांसाठीं खानदेशांतून जाणाऱ्या अशा टोळ्यांच्या स्थितीचें वर्णन यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत केलेलें आहे. तें वाचतांना मला आपल्या हजेरीपत्रकांतलीं रिकामीं घरें कोठें गेलीं होतीं याचा जणूं पत्ताच मिळाला.

खानदेशाला माणसांचें हें जाणेंयेणें नवें नाहीं. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि त्यापाठोपाठ पडलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं हा मुलूख इतका उजाड झाला होता कीं, १८१८ मध्यें इंग्रजी अंमल आला तेव्हां जमीन मुबलक होती आणि कसणारे हात थोडे होते. पुढें अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी आली, आणि तापीकांठची काळी जमीन माणसें ओढूं लागली. १९०० च्या सुमारास सुरतेची आगगाडी खानदेशाला जोडली गेली आणि उलट वाट मोकळी झाली. आज सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत अहिराणी जितकी सहज कानीं पडते तितकी ती पुण्यांत पडावयाची नाहीं. जळगांवकडे पाहावें तर रावेर-यावलच्या केळीच्या बागांना मजूर लागतात आणि ते सातपुड्यांतून उतरतात. सारांश, पाण्याखालची जमीन माणसें ओढते आणि कोरडी जमीन ढकलते. मधें आगगाडी असो वा मालमोटार.

आमच्या काकांनीं मला धुळ्यास संस्कृत शिकविलें. त्यांचा ओढा कालिदासाकडे आणि माझा, कां कोणास ठाऊक, कौटिल्याकडे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत गांव वसविण्याचें प्रमाण दिलें आहे: कमींत कमी शंभर कुटुंबें, अधिकांत अधिक पांचशें, आणि दोन गांवांमधें कोस-दोन कोसांचें अंतर, म्हणजे एकमेकांचें रक्षण करतां येतें. तें वाचून मौज वाटते. पण त्याच अधिकरणांत पुढें गोप नांवाच्या अधिकाऱ्याचें काम सांगितलें आहे, तेथें मी दचकलों. गोपानें घरटीं स्त्री-पुरुष, लहान-थोर किती, त्यांचा धंदा कोणता, आय किती, व्यय किती हें लिहून ठेवावयाचें. इतकेंच नव्हे, तर जे गेले आणि जे आले ते कां गेले व कां आले याची चौकशी समाहर्त्याच्या हेरांनीं करावयाची. हेतु करवसुलीचा होता हें उघड आहे. तरीही, त्या वृद्ध बाईचा प्रश्न कौटिल्याला सुचला होता आणि माझ्या छापील कागदाला सुचला नव्हता, ही गोष्ट मला नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

आतां बारीपाड्याकडे वळतों. हें गांव त्याच साक्री तालुक्यांतलें, पिंपळनेरच्या पुढें, गुजराथच्या सीमेकडचें. वस्ती मुख्यतः कोकणा समाजाची; घरें शंभराच्या आसपास, म्हणजे कौटिल्याच्या खालच्या मर्यादेला टेकलेलीं. १९९० च्या सुमारास तेथील स्थिति आमच्या पाड्याहून निराळी नव्हती. डोंगर तुटून बोडके झालेले, उन्हाळ्यांत बायकांना पाण्यासाठीं दूरवर जावें लागे, मोहाची दारू गाळणें हा कित्येकांचा जोडधंदा, आणि दिवाळीनंतर कामाच्या शोधांत बाहेर पडणें हा नित्यक्रम. गांवांतला चैत्राम पवार नांवाचा तरुण वाणिज्य शाखेचें उच्च शिक्षण घेऊन बसला होता. त्यानें नोकरीची वाट न धरतां गांवांत राहावयाचें ठरविलें. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांची त्यास साथ मिळाली. गांव एकत्र बसलें आणि गांवाभोंवतालचें जंगल राखावयाचा निर्णय झाला.

निर्णय करणें सोपें असतें. आमच्या गांवोगांवच्या ठरावबुकांत असे निर्णय पुष्कळ निजलेले आहेत. बारीपाड्यांतील विशेष असा कीं, नियम थोडे केले आणि ते स्वतःस लावले. कुऱ्हाड बंद. जंगलांत बैलगाडी नेणें बंद. कारण डोक्यावर मोळी येते, पण गाडींत झाड येतें. राखणीस गांवचीच माणसें. जो तोडील त्यास दंड, मग तो कोणाचाही मेहुणा असो. वाळलेलें सरपण घ्यावयाचें तें गांवानें ठरविलेल्या वेळीं. जोडीला श्रमदानानें दगडी बांध आणि डोंगरउतारावर समपातळीचे चर. आज चारशें हेक्टरांहून अधिक जंगल त्यांनीं राखलेलें आहे आणि २०२५ सालीं चैत्राम पवार यांस पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्रांत तेव्हां जें आलें तें बहुतेक झाडांविषयीं होतें. मला महत्त्वाची वाटते ती झाडांमागची गोष्ट, कारण झाडें राखून पोट कसें भरलें हा गृहिणीचा साधा प्रश्न त्या वर्णनांत बाजूलाच राहून जातो.

तें असें घडलें. डोंगरावर पाचोळा सांचला, मुळें धरलीं, चरांत पाणी अडलें. पूर्वीं जो पाऊस दोन तासांत नाल्यानें वाहून जाई तो जमिनींत मुरूं लागला. विहिरींचें पाणी हिवाळ्याच्या पुढें टिकूं लागलें. भात-नागली निघाल्यावर जें शेत दिवाळीपासून आषाढापर्यंत मोकळें पडे, त्यांत दुसरें पीक उभें राहिलें. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. उत्पन्न वाढलें असें आपण म्हणतों तेव्हां रकमेकडे पाहतों. वर्षांतल्या कोणत्या महिन्यांत तें येतें इकडे पाहत नाहीं. पगारदाराच्या घरीं बारा सारखे हप्ते येतात, म्हणून आपल्याला तो विचार सुचत नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं वर्षाचें सगळें उत्पन्न कार्तिकांत येतें आणि माघांत संपतें. उरलेल्या महिन्यांची पोकळी मुकादमाची उचल भरून काढते. बारीपाड्यानें पहिल्यानें भरली ती ही पोकळी. माघांत शेतांत काम आहे असें झाल्यावर कार्तिकांत गांव सोडण्याचें कारण उरलें नाहीं. ज्यास जमीन नाहीं त्यालाही शेजाऱ्याच्या दुसऱ्या पिकांत मजुरी मिळूं लागली, आणि ती आपल्या घरीं निजून. कामासाठीं गांव सोडून जाणें थांबलें.

जंगलानें दिलेल्या कित्येक वस्तू तर कोणाच्याच जमाखर्चांत येत नाहींत. मोहाचीं फुलें, मध, सरपण, आणि पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या रानभाज्या. गेलीं वीसएक वर्षें बारीपाड्यांत रानभाज्यांची पाकस्पर्धा भरते. तेथें बायका आपापल्या पाककृति मांडून बसतात आणि शंभरांवर भाज्यांचे प्रकार पाहावयास मिळतात. आमच्या घरीं अळू, घोळ आणि टाकळा यांपलीकडे कोणाची मजल जात नाहीं, माझी पत्नी तेथून परत येतांना गाडींत फार वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "या बायकांना आपण अडाणी म्हणत होतों." या भाज्या बाजारांत जात नाहींत, म्हणून उत्पन्नाच्या पाहणींत त्यांची किंमत शून्य धरली जाते. पण ज्या घरांत त्या शिजतात त्या घराला ऐन आषाढांत, म्हणजे मुकादमाच्या फेरीच्या दिवसांत, एक वेळचा आधार होतो.

कोणी म्हणेल कीं, सामाईक वस्तू नियमानें वापरणें हें आपल्या लोकांच्या स्वभावांत नाहीं, बारीपाडा हा अपवाद. हें खरें नाहीं, आणि त्याचा पुरावा शोधावयास साक्री तालुक्याबाहेर जावें लागत नाहीं. पांझरा नदीवर शेंकडों वर्षें चालत आलेली फडपद्धति आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि पाळी फिरवावयाची. पाणी सोडण्याचें काम पाटकऱ्याचें, राखण जागल्याची, दोघांचाही मोबदला गांवाकडून. ज्या सालीं पाणी कमी, त्या सालीं कोणते फड भिजवावयाचे हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, म्हणजे तोटा एकट्याच्या माथीं येत नाहीं. बारीपाड्याचे जंगलाचे नियम आणि पांझरेचे पाण्याचे नियम एकमेकांशेजारीं ठेवून पाहिले तर ते एकाच घराण्यांतले वाटतात.

नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण वाचकांस ठाऊक असेलच. १९९५ मध्यें तेथें दारिद्र्यरेषेखालीं १६८ कुटुंबें होतीं, तीं पुढल्या पंधरा वर्षांत तीनवर आलीं, आणि मुंबई-पुण्यास गेलेलीं कुटुंबें परत आलीं. तेथेंही किल्ली हीच: पाणी मोजून पीक ठरवावयाचें, ऊस आणि विंधणविहिरी यांस बंदी.

तरी मला शंका आहेत आणि त्या लपवीत नाहीं. जमीन वाढत नाहीं आणि वाटण्या मात्र होतात. आज ज्या विहिरीवर एका बापाचें दुसरें पीक उभें आहे त्याच विहिरीवर उद्यां तीन भावांचीं पिकें मागणी करतील. तसेंच, एक चैत्राम पवार शिकून गांवांत राहिले. सगळेच राहतील असें नाहीं, आणि राहावें असें त्यांस सांगण्याचा अधिकार मला तरी नाहीं. पदवी घेतलेला मुलगा कोयता घेऊन बारडोलीस जाणार नाहीं हें चांगलेंच झालें. पण तो नाशकास जाईल, सुरतेस जाईल, आणि कोयता वैशाखांत परत येत असे तसा तो परत येणार नाहीं.

हें लिहितांना लेखणी थोडी अडखळते, कारण ही वाट आपल्याच घराण्यांनीं आधीं पाडलेली आहे. खानदेशांतील किती गांवांत कुळकर्ण्यांचे, जोश्यांचे वाडे आज उभे आहेत आणि त्यांत राहणारें कोण आहे? १९४८ चा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, आणि त्याआधींपासूनच पुण्या-मुंबईचें शिक्षण आणि नोकऱ्या. आपल्या आजोबांनीं गांव सोडलें, वडिलांनीं जिल्हा सोडला, मुलांनीं देश सोडला. आम्हीं उचल घेतली नाहीं इतकेंच. आमच्या घराच्या दारास काटेरी फांदी नव्हती, पितळी कुलूप होतें. आंत नेण्यासारखें पुष्कळ होतें आणि तें पुढें भंगारवाल्यानें नेलें. पाड्यावरचीं माणसें मात्र वर्षांतून आठ महिने उपाशी ठेवणाऱ्या त्या जमिनीकडे दर वैशाखांत परत येत होतीं.

पुण्याच्या वाचकांस याची दुसरी बाजू घरबसल्या पाहतां येईल. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ मध्यें दख्खनच्या एका खेड्यांतील जमीन आणि मजुरी यांविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें. शेतांचे झालेले बारीक तुकडे आणि घरोघरचें कर्ज यांची त्यांनीं केलेली मोजदाद आजही अभ्यासक वाचतात. तें खेडें म्हणजे पिंपळे सौदागर. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आहे, तेथें उंच इमारती आहेत, माणसें अनेकपटींनीं वाढलीं आहेत, आणि उत्पन्न तर मॅनसाहेबांना खरें वाटलें नसतें इतकें. पण ज्या गांवाची त्यांनीं पाहणी केली तें गांव आतां तेथें शोधूं लागल्यास देवळापाशींच कोठें सांपडलें तर सांपडेल. लोकसंख्या वाढली आणि गांव नाहींसें झालें, असाही हिशेब असतो.

२०२१ ची खानेसुमारी लांबली, आणि पुढें १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथि जाहीर झाली. म्हणजे माणसें मोजावयाचीं तीं पुन्हां माघ-फाल्गुनांतच. मी सेवानिवृत्त असल्यामुळें माझ्याकडे हें काम यावयाचें नाहीं. त्या पाड्यावरचा माझा एक विद्यार्थी मात्र हल्लीं तिकडेच एका शाळेवर शिक्षक आहे. लहानपणीं दोन हिवाळे तोही पाचटावर निजलेला आहे. गेल्या गणेशचतुर्थीस तो घरीं आला तेव्हां मीं त्याला त्या वृद्ध बाईची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, ती माझी आजी असेल किंवा नसेल, आमच्याकडे सगळ्याच आज्या तेंच विचारतील." जातांना त्याच्याबरोबर मीं एक कोरी वही दिली. तिच्यांत माझ्या हातानें दोन रकाने आखलेले आहेत. डाव्या रकान्यावर आषाढ लिहिलें आहे, उजव्यावर माघ.